एक तंतू राहिला तर? – डॉ. लेस्टर ड्रॅगस्टेट यांची जीवनकथा

आपल्या स्मरणिकेत थोरामोठ्यांची चरित्रं येतात ती बहुधा ग्वाल्हेरच्या मातीतली. कुणी गवई, कुणी शिंदे सरकारांच्या दरबारातले मुत्सद्दी, कुणी शिक्षक. यंदा आम्ही जरा दूरच्या एका माणसाची ओळख करून देत आहोत. तो कधी ग्वाल्हेरला आला नाही आणि आपलं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसेल याची त्याला कल्पनाही नसेल. पण आपल्यातल्या कितीतरी घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या पोटावर, बेंबीच्या वर, एक उभी शिवण असायची, तिचा संबंध थेट या माणसाशी आहे. शिवाय उत्सव लंबोदराचा. तेव्हा पोटाच्या डॉक्टरची कथा इथे सांगायला हरकत नसावी.

लष्करातल्या आमच्या जुन्या वाड्यात गणपतीचे दिवस म्हणजे मोदक, पुरणपोळी आणि रात्रीच्या आरतीनंतर रंगणाऱ्या गप्पा. आमचे मोठे काका मात्र पंगतीत बसायचे ते दूधभाताची वाटी घेऊन. त्यांना अल्सर होता. रात्री दीड-दोनच्या सुमारास त्यांच्या पोटात आग पडायची. काकू उठायच्या, स्टोव्ह पेटवायच्या, पेलाभर दूध गरम करून द्यायच्या. दूध पोटात गेलं की काकांना आराम पडायचा आणि वाडा पुन्हा झोपायचा. त्या स्टोव्हची फरफर आम्हा मुलांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती ऐकू आली नाही तरच जाग यायची.

१९६० नंतर केव्हातरी काकांचं ऑपरेशन झालं. पोटाची नस कापली, असं घरात सगळे म्हणायचे. त्या वर्षीच्या गणपतीत काकांनी दोन मोदक खाल्ले आणि काकूंनी देवापुढे साखर ठेवली. पण दोन-अडीच वर्षांनी रात्री स्टोव्ह पुन्हा वाजू लागला. नस कापली, तर दुखणं परत आलं कसं? हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारला नाही. पुढे आमच्यापैकी एक जण डॉक्टर झाला, तेव्हा त्याचं उत्तर शोधताना आम्हाला डॉ. लेस्टर ड्रॅगस्टेट भेटले.

लेस्टर रेनॉल्ड ड्रॅगस्टेट यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९३ चा. गाव अमेरिकेतल्या माँटाना राज्यातलं अ‍ॅनाकाँडा. तांबं गाळण्याच्या भट्ट्यांभोवती वसलेलं हे गाव. आईवडील स्वीडनहून येऊन तिथे स्थायिक झालेले. म्हणजे घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी. ग्वाल्हेरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

याच गावात काही काळ आणखी एक स्वीडिश माणूस धर्मोपदेशक म्हणून राहून गेला होता. त्याचं नाव अँटन कार्लसन. पुढे धर्मोपदेश सोडून हे कार्लसन शरीरक्रियाशास्त्राकडे वळले आणि शिकागो विद्यापीठात नामांकित प्राध्यापक झाले. भूक लागते तेव्हा जठरात नेमकं काय घडतं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. कुणीही काहीही दावा केला की त्याचा पुरावा काय, एवढंच ते विचारत, आणि या सवयीसाठी ते देशभर प्रसिद्ध होते. त्यांच्याच ओळखीने लेस्टर शिकागोला गेले. धाकटे भाऊ कार्ल यांनीही पुढे औषधशास्त्रात नाव काढलं. पुरावा मागण्याची कार्लसन यांची सवय लेस्टर यांच्यात मुरली ती कायमची.

१९२० साली त्यांनी शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढच्याच वर्षी रश मेडिकल कॉलेजची वैद्यकीय पदवी. तरुणपणापासून त्यांना एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाने पछाडलं होतं. जठरातलं आम्ल मांसाचा तुकडा विरघळवून टाकतं. जठरही मांसाचंच. मग जठर स्वतःलाच कसं पचवत नाही? आणि काही माणसांत ते स्वतःला पचवू लागतं, म्हणजेच अल्सर होतो, तो का? यासाठी त्यांनी प्राण्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. अन्नाने पातळ झालेला जठररस जिवंत भिंतीला सहसा इजा करत नाही, पण निखळ, न मिसळलेला जठररस ती कुरतडू शकतो, या निष्कर्षाला ते आले. अल्सरचं मूळ त्या रसाच्या अतिरेकात शोधायला हवं, असं त्यांचं मत बनत गेलं.

१९२५ साली त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं. शिकागो विद्यापीठात नवा शस्त्रक्रिया विभाग उभा करणारे डॉ. डॅलस फेमिस्टर यांना प्रयोगशाळेत विचार करणारा माणूस सर्जन म्हणून हवा होता. ड्रॅगस्टेट यांना शस्त्रक्रियेचा अनुभव फारसा नव्हता. फेमिस्टर यांनी त्यांना विभागात घेतलं आणि शिकण्यासाठी युरोपला पाठवलं. तिशी उलटलेल्या प्राध्यापकाने पुन्हा विद्यार्थी होऊन हातात चाकू धरला. सर्जन प्रयोगशाळेत जातो हे आपण ऐकतो. प्रयोगशाळेतला माणूस सर्जन झाला, हे क्वचित घडतं.

त्या काळी अल्सरवर ऑपरेशन म्हणजे जठराचा दोन तृतीयांश किंवा त्याहूनही मोठा भाग कापून काढणं. आम्ल तयार करणारा कारखानाच तोडून टाकायचा, असा हा उपाय. त्यात जिवाला धोका होता आणि वाचलेल्या माणसाला पुढे दोन घास पोटभर जेवणंही अवघड व्हायचं. ड्रॅगस्टेट यांच्या मनात वेगळाच विचार होता. कारखाना तोडण्यापेक्षा त्याला हुकूम देणारी तार तोडली तर?

ही तार म्हणजे व्हेगस नावाची नस. ती मेंदूच्या खालच्या भागातून निघते, मानेतून छातीत उतरते, हृदयाला आणि फुप्फुसांना फाटे देते आणि अन्ननलिकेला बिलगून पोटात शिरते. समोर ताट आलं, तुपाचा वास आला, की मेंदू याच नसेतून जठराला आम्ल सोडायचा निरोप धाडतो. रशियातले थोर शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं होतं की ही नस कापली की अन्न पाहून सुटणारा जठररस थांबतो. फ्रान्समध्ये लियों शहरी लातार्जे यांनी १९२० च्या सुमारास माणसांतही जठराच्या नसा कापून पाहिल्या होत्या. पण अशा प्रयत्नांचे निकाल कधी चांगले, कधी वाईट येत, आणि ती वाट हळूहळू पडीक झाली. नस सगळी कापली गेली होती की अर्धवट, हे तपासायचं साधन हाती नव्हतं. त्यामुळे अपयश आलं तर दोष कल्पनेचा की हाताचा, हेच कळत नसे.

१८ जानेवारी १९४३ रोजी ड्रॅगस्टेट यांनी अल्सरच्या एका रुग्णाची छाती डाव्या बाजूने उघडली आणि छाती-पोटामधल्या पडद्याच्या जरा वर दोन्ही व्हेगस नसा कापल्या. जठराला हातही लावला नाही. रुग्णाचं दुखणं थांबलं. त्याच वर्षी सहकारी ओवेन्स यांच्यासह त्यांनी दोन रुग्णांचा छोटासा अहवाल प्रसिद्ध केला. त्या छोट्या निबंधाने पुढची तीस वर्षं जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत काय चालेल ते ठरवलं.

पण रुग्णाला बरं वाटलं एवढ्यावर कार्लसन यांचा शिष्य समाधान मानणारा नव्हता. ड्रॅगस्टेट रुग्णाच्या नाकातून बारीक नळी जठरात सोडत आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत, काही न खाता, किती आम्ल तयार होतं ते मोजत. निरोगी माणसाचं जठर रात्री जवळपास विश्रांती घेतं. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असलेल्यांचं जठर मात्र रात्रभर जागं असतं आणि कित्येक पट आम्ल ओतत राहतं. नस नीट कापली गेली की हे आम्ल एकदम उतरतं. हे वाचलं तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे आल्या रात्री दोन वाजता स्टोव्हला पंप मारणाऱ्या काकू. त्या ज्या आगीवर दूध ओतत होत्या, ती शिकागोतला एक डॉक्टर रात्र-रात्र मोजत होता.

मग अडचणी आल्या. व्हेगस फक्त आम्लाचा हुकूम देत नाही, जठराची हालचालही तीच सांभाळते. नस कापलेल्या कित्येकांचं जठर सुस्तावलं, अन्न तिथेच साचू लागलं, पोट फुगू लागलं. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. ड्रॅगस्टेट यांनी चूक झाकली नाही. नस कापण्याबरोबर जठरातून अन्न पुढे जायला वाट मोठी करून द्यायची, किंवा जठर थेट लहान आतड्याला जोडायचं, ही पद्धत त्यांनी स्वीकारली. छाती उघडण्याऐवजी पोटातूनच नसेपर्यंत पोहोचण्याचा मार्गही रूढ झाला. पुढे जगभर आणि आपल्या देशात वर्षानुवर्षं झालेलं अल्सरचं ऑपरेशन ते हेच. काकांच्या पोटावरची उभी शिवणही त्याचीच.

दुसरी अडचण जास्त खोल होती. पुस्तकातल्या चित्रात पडद्यापाशी दोन जाड नसा दिसतात, एक पुढे, एक मागे. प्रत्यक्षात माणसागणिक वेगळा प्रकार. कुणाच्या दोन, कुणाच्या तीन-चार, आणि त्यांच्याभोवती केसासारखे तंतू. १९४७ मध्ये ड्रॅगस्टेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी या नसांची मांडणी कशी बदलते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्जन जठर खाली ओढून धरतो, तेव्हा मोठी नस बोटाला ताणलेल्या तंबोऱ्याच्या तारेसारखी लागते. ती सापडते आणि कापता येते. पण लहान तंतू बोटाला लागत नाहीत, रक्ताने माखलेल्या जागेत डोळ्यांनाही दिसत नाहीत. आणि असा एखादा तंतू राहिला, तर मेंदूचा निरोप त्यातूनच जठरापर्यंत पोहोचत राहतो. अल्सर परत येतो.

तेव्हा प्रश्न असा, की नस पूर्ण कापली गेली हे ओळखायचं कसं? न्यूयॉर्कचे हॉलंडर यांनी १९४६ च्या सुमारास एक चाचणी रूढ केली. ऑपरेशननंतर काही दिवसांनी रुग्णाला इन्सुलिन टोचायचं. रक्तातली साखर उतरली की मेंदू व्हेगसमार्फत जठराला डिवचतो. आम्ल वाढलं तर समजायचं की तंतू राहिला आहे. चाचणी हुशारीची, पण उशिराची. तोवर पोट शिवून झालेलं असतं. पुन्हा उघडायचं कुणी, कधी, आणि रुग्णाच्या घरच्यांना सांगायचं काय? पोट उघडं असतानाच, टेबलावर, खात्री करता आली तरच तिचा खरा उपयोग.

ती सोय लंडनमध्ये झाली. हॅरॉल्ड बर्ज हे सर्जन आणि जॉन व्हेन हे औषधशास्त्रज्ञ, या दोघांनी १९५८ मध्ये ऑपरेशन चालू असतानाच करायची तपासणी जाहीर केली. अन्ननलिकेभोवती विजेचं एक कडं बसवायचं आणि सौम्य प्रवाह सोडायचा. जठराची दोन्ही तोंडं बंद करून आतला दाब मोजायचा. नसेचा एखादा धागा जरी शाबूत असेल तर जठर आकसतं आणि दाब वर चढतो. दाब चढला की सर्जन पुन्हा शोधायला लागतो. यासाठी भूल देणाऱ्या डॉक्टरलाही जपावं लागे, कारण नसेचा परिणाम दाबणारं अ‍ॅट्रोपिनसारखं औषध आधी दिलं असेल तर तपासणी खोटा दिलासा देते. पुढे इटलीचे ग्रासी यांनी जठरात आम्ल मोजणारी कांडी घालून भिंतीवर जागोजागी टेकवून पाहायची पद्धत आणली. औषधाने आम्ल सुटायला लावायचं आणि जिथे कांडी अजून आम्ल दाखवते तिथे तंतू जिवंत आहे असं समजायचं. आम्लाशी गाठ पडताच लालाचा काळा होणारा काँगो रेड हा रंगही याच कामी वापरला गेला. मागच्या नसेतून वरच्या वर फुटून जठराच्या डाव्या खांद्याकडे जाणारा एक चोरटा फाटा आहे. तो हमखास नजरेतून सुटतो, म्हणून सर्जन मंडळी त्याला ग्रासींची गुन्हेगार नस म्हणतात.

ही यंत्रं ड्रॅगस्टेट यांनी बनवलेली नव्हेत. पण काम झालं असं वाटणं आणि काम झालं हे दाखवता येणं यांत फरक आहे, हे त्यांनीच या ऑपरेशनच्या पहिल्या दिवसापासून लावून धरलं होतं. बर्ज आणि ग्रासी त्याच वाटेने पुढे गेले.

इकडे आपल्या ग्वाल्हेरात, ड्रॅगस्टेट यांच्या पहिल्या ऑपरेशननंतर तीनच वर्षांनी, १९४६ साली, जिवाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत गजराराजा मेडिकल कॉलेज सुरू झालं. जयारोग्य रुग्णालय त्याच्या कितीतरी आधीपासून होतंच. म्हणजे आपल्या शहरातल्या डॉक्टरांच्या पहिल्या तुकड्या शिकत होत्या तेव्हा हे ऑपरेशन जगात नवं-नवं होतं. काकांचं ऑपरेशन कुठे आणि कुणी केलं हे आम्ही इथे सांगणार नाही, कारण तक्रार करण्यासाठी हा लेख नाही. विजेचं कडं आणि दाबमापक तेव्हा फार थोड्या ठिकाणी असे. बाकी सगळीकडे सर्जनचं बोट आणि डोळा हीच तपासणी. आणि हे ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे दहा टक्के लोकांना, निष्णात हातांतही, अल्सर पुन्हा व्हायचा. काकांच्या पोटात बहुधा असाच एक धागा मागे राहिला. काकांनी काही पथ्य मोडलं नव्हतं, काकूंच्या देवपूजेतही काही चुकलं नव्हतं. हे आम्हाला कळलं तेव्हा दोघंही गेलेले होते. त्या काळी त्यांना कुणी सांगितलं असतं, तर दोन मोदक खाल्ल्याचा अपराध काकांनी जन्मभर मनात बाळगला नसता.

ड्रॅगस्टेट यांनी त्यानंतरही अभ्यास थांबवला नाही. जठराच्या खालच्या भागातून निघणारा एक रासायनिक संदेशही आम्ल वाढवतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह प्राण्यांवर दाखवलं. त्यातून नस कापण्याबरोबर तेवढाच भाग काढण्याची पद्धत आली आणि अल्सर परत येण्याचं प्रमाण सुमारे एक टक्क्यावर उतरलं. शिकागोत त्यांनी शस्त्रक्रिया विभागाचं प्रमुखपद सांभाळलं. १९५९ मध्ये निवृत्त झाल्यावर ते फ्लोरिडा विद्यापीठात संशोधक प्राध्यापक म्हणून गेले. तिथे विभागप्रमुख होते त्यांचेच शिष्य एडवर्ड वुडवर्ड. शिष्याच्या विभागात गुरूने खालच्या खुर्चीवर बसून काम करावं, याला मोठं मन लागतं. १९७५ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते गेले.

ते गेले आणि दुसऱ्याच वर्षी इंग्लंडच्या बाजारात सिमेटिडीन ही गोळी आली. नस न कापता आम्ल कमी करणारी. मग रॅनिटिडीन, मग ओमेप्राझोल. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी वॉरन आणि मार्शल यांना बहुतेक अल्सरच्या मुळाशी जठरात राहणारा एक जंतू सापडला. दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी तो मरतो. ज्या ऑपरेशनसाठी ड्रॅगस्टेट यांनी आयुष्य वेचलं ते आता क्वचितच करावं लागतं. गोळी शोधणारे ब्लॅक, जंतू शोधणारे वॉरन आणि मार्शल, तिघांनाही नोबेल मिळालं. ड्रॅगस्टेट यांना मिळालं नाही. बर्ज यांच्याबरोबर काम केलेल्या व्हेन यांनाही १९८२ मध्ये नोबेल मिळालं, पण वेगळ्या कामासाठी. अ‍ॅस्पिरिन शरीरात काय करतं हे त्यांनी उलगडलं. गुडघेदुखीच्या गोळ्या जठराचं अस्तर का जाळतात, हे आपल्याला त्यातूनच समजलं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी अशा गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोज घेऊ नयेत, एवढं या निमित्ताने सांगून ठेवतो.

मग ड्रॅगस्टेट यांचं काम वाया गेलं का? आम्हाला तसं वाटत नाही. मूळ कारणाबद्दल त्यांचा अंदाज अपुरा होता. अतिरिक्त आम्ल मेंदूच्या ताणातून येतं असं ते मानत, जंतूची कल्पना त्यांना नव्हती. पण जठराला हात न लावताही अल्सर बरा करता येतो हे त्यांनी दाखवलं, आणि कित्येक माणसं आपलं जठर शाबूत ठेवून जगली. रात्रभर नळीतून आम्ल मोजण्याची त्यांची शिस्तच पुढे औषधांच्या परीक्षेला उपयोगी पडली.

आपल्या ग्वाल्हेरात गवई मैफलीला बसला की आधी तंबोरा लावतो. लागला असं वाटलं तरी पुन्हा एकदा कान देतो, जवारीखालचा धागा सरकवतो, कधी तर बंदिशीच्या मध्येच थांबून तार तपासतो. श्रोत्यांना तेवढा खोळंबा होतो, पण कुणी कुरकुरत नाही. टेबलावर पोट उघडं असताना दहा मिनिटं थांबून तपासायचा आग्रह धरणारे सर्जन आम्हाला त्याच जातीचे वाटतात.

ऐंशीच्या दशकात काकांना रॅनिटिडीन सुरू झालं. पहिल्या आठवड्यातच एका रात्री आम्हाला दोन वाजता जाग आली. स्टोव्ह वाजत नव्हता. काकू सवयीने उठून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, आणि काका गाढ झोपले होते. त्या वर्षीच्या गणपतीत त्यांच्या ताटात पाच मोदक होते.

मंडळाच्या सर्व कुटुंबांना गणेशोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!